गाभण म्हैस ‘भाकड’ ठरली आणि मदत दिरांच्या खात्यात गेली

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहोत.

“माझे पती मच्छीमार बोटीवर खलाशी आहेत. आम्ही थोरल्या दिरांपासून वेगळे राहतो. चूल वेगळी, शिधापत्रिका वेगळी, जमीन मात्र अजून सामायिक आहे. जुलै २०२५ मध्ये रात्रीच्या पावसात घरामागच्या वहाळाचे (ओढ्याचे) पाणी गोठ्यात शिरले, चिऱ्याची भिंत कोसळली आणि माझ्या दोन्ही म्हशी, तीन शेळ्या व खुराड्यातल्या अठरा कोंबड्या गेल्या. एक गावठी गाय दावे तोडून वाहून गेली, ती सापडलीच नाही. दोन्ही म्हशींच्या कानात बिल्ले होते, गाईच्या नव्हते. दवाखान्याच्या डॉक्टरांनी म्हशींचे शवविच्छेदन केले. पंचनाम्यात दुभती म्हैस आणि शेळ्या धरल्या, पण दुसरी म्हैस आठ महिन्यांची गाभण असूनही ‘भाकड’ लिहिली, म्हणून तिचे काही मिळाले नाही. गाय आणि कोंबड्या लिहिल्याच नाहीत. मंजूर झालेले ४९,५०० रुपये थोरल्या दिरांच्या विरारच्या खात्यात गेले, कारण सातबाऱ्यावर पहिले नाव त्यांचे आहे. गुरांचे सगळे मी करते, रतीब मीच घालते. आता पुन्हा अर्ज केला तर मिळालेलेही परत घेतील, असे गावात म्हणतात. एक गृहस्थ दोन हजार रुपयांत काम करून देतो म्हणतात. एवढे करून त्या पैशांत म्हैस येणारच नाही. मी काय करावे?”

ताई,

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी प्रकरणे एकमेकांत अडकली आहेत आणि ती आधी सुटी केली पाहिजेत. गाभण म्हशीचा तुमचा हक्क पक्का आहे आणि त्यासाठी अर्ज जरूर करावा. वाहून गेलेल्या गाईची बाजू मात्र कमकुवत आहे. दिरांच्या खात्यात गेलेले पैसे हा तिसरा विषय असून तो तहसील कार्यालयाच्या अर्जात मिसळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या जनावरांसाठी मिळणारी मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून दिली जाते. तिचे निकष केंद्र सरकार ठरवते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर आपल्या राज्याने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने लागू केले असून तुमचे नुकसान त्याच काळातले आहे. या दरांनुसार गाय किंवा म्हैस अशा मोठ्या दुधाळ जनावरासाठी ३७,५०० रुपये, बैलासारख्या ओढकामाच्या जनावरासाठी ३२,००० रुपये, वासरासाठी २०,००० रुपये, शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये आणि कोंबडीसाठी प्रत्येकी १०० रुपये मिळतात. कोंबड्यांची मदत एका कुटुंबाला १०,००० रुपयांच्या वर जात नाही. मोठ्या दुधाळ जनावरांना एका कुटुंबामागे तीनची मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये राज्य सरकारने ती शिथिल केली, पण तुमची मोठी जनावरे तीनच असल्याने तुम्हाला त्या मर्यादेची अडचण मुळातच नाही. एक म्हैस आणि तीन शेळ्या मिळून ४९,५०० रुपये होतात, म्हणजे जे धरले त्याचा हिशेब बरोबर आहे. दुसरी म्हैस आणि कोंबड्या धरल्या असत्या तर त्यात ३९,३०० रुपयांची भर पडून एकूण मदत ८८,८०० रुपये झाली असती.

आता मुख्य मुद्दा. निकषांत असे म्हटले आहे की मदत उत्पादक जनावरांच्या प्रत्यक्ष हानीपुरतीच द्यावी. वयाने थकलेले, पुन्हा विण्याची आशा नसलेले जनावर दुधाळ म्हणून दाखवले जाऊ नये, एवढाच या अटीचा सरळ हेतू आहे. परंतु ऐन पावसात, एका सजाची, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतली, पाच-सहा गावे एकटा माणूस फिरत असताना, गोठ्यात उभे राहून विचारले जाते ते एवढेच की ही दूध देते का. ‘सध्या नाही’ असे खरे उत्तर घरच्यांनी दिले की समोरच्या रकान्यात ‘भाकड’ असे लिहून पडते. म्हैस साधारण ३१० दिवस गाभण असते आणि विण्याआधी दोन महिने तिला आटवतात, ते तिच्या आणि पोटातल्या पारड्याच्या भल्यासाठीच. हे प्रत्येक म्हैसवालीला ठाऊक असते. आठ महिन्यांची गाभण म्हैस आटलेलीच असणार आणि दोन महिन्यांनी ती भर दुधात असणार. बाजारात अशा म्हशीची किंमत उतरत नाही, उलट गिऱ्हाईक तिच्यासाठी दोन पैसे जास्त मोजते. तिला अनुत्पादक ठरवणे हा तुमच्यावर झालेला अन्याय आहे, आणि दुधाचा सगळा धंदा बाईच्या अंगावर असलेल्या कोकणातल्या घरांना तो फार महागात पडतो, म्हणून मी या मुद्द्यावर इतका जोर देत आहे.

तुमच्याजवळ यासाठी दोन भक्कम पुरावे आहेत आणि त्यांची कल्पना कदाचित तुम्हाला नसेल. पहिला म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल. आठ महिन्यांची गाभण म्हैस उघडल्यावर गर्भ डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाही आणि तो अहवालात लिहिला जातो. दवाखान्यात जाऊन अहवालाची सही-शिक्क्याची प्रत मागा आणि त्यात गर्भाची नोंद आहे का, ते स्वतः वाचून पाहा. नोंद नसेल तर त्याच डॉक्टरांकडून, म्हणजे पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून, तसे प्रमाणपत्र घ्या. दुसरा पुरावा म्हणजे कानातला बिल्ला. त्यावरच्या बारा अंकी क्रमांकाखाली ‘भारत पशुधन’ प्रणालीत जनावराची जात, वय आणि मालकाचे नाव असते. म्हैस कृत्रिम रेतनाने गाभण राहिली असेल तर रेतनाची तारीख आणि गर्भतपासणीची नोंदही तेथे सापडू शकते. दवाखान्यातून या नोंदीची छापील प्रत मिळवा. ही दोन कागदपत्रे एकत्र लावली की ‘भाकड’ या नोंदीला आधार उरत नाही.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करावा आणि तो लांबलचक नसावा. विषयात ‘पंचनाम्यातील नोंदीची दुरुस्ती होऊन उर्वरित मदत मिळण्याबाबत’ असे लिहावे. मजकुरात घटनेची तारीख, पंचनाम्याची तारीख, दोन्ही म्हशींचे बिल्ल्यांचे क्रमांक द्यावेत आणि पुढे अशा आशयाचे लिहावे: ‘बिल्ला क्रमांक अमुक या म्हशीची नोंद भाकड अशी झाली आहे. प्रत्यक्षात ती आठ महिन्यांची गाभण असल्याने आटवलेली होती. सोबतच्या शवविच्छेदन अहवालात गर्भाची नोंद आहे. सबब ती दुधाळ जनावर म्हणून धरावी. तसेच अठरा कोंबड्यांची नोंद राहून गेली आहे, ती घ्यावी.’ पोलीस पाटलांचा किंवा सरपंचांचा दाखला आणि पंचनाम्यावर सही केलेल्या पंचांपैकी निदान एकाचा जबाब जोडावा. कोंबड्यांसाठी तर दुसरा पुरावा सहसा नसतोच, त्यामुळे शेजारच्या घरातल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. नुकसानीचे फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये असतील तर तारखेसह छापून लावावेत.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. तोंडी आश्वासन कितीही आपुलकीने दिलेले असले तरी साहेबांची बदली झाली की त्याचा काही उपयोग राहत नाही. मंजूर निधीचा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी बंद होत असल्याने हे काम मार्चअखेरीवर ढकलू नये.

पंचनाम्याची प्रत तुमच्याकडे आहे असे पत्रावरून वाटत नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, ती आधी साध्या अर्जाने मागा. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून पंचनाम्याची आणि मंजूर लाभार्थी यादीतील तुमच्या प्रकरणाच्या पानाची प्रत मागा. तीस दिवसांत माहिती देणे त्यांना बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या अर्जावर महिन्याभरात काही हालचाल झाली नाही तर त्याच अर्जाची पोच जोडून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे जावे, आणि तेथेही अडले तर जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनासाठी आगाऊ अर्ज नोंदवावा.

गाईबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. शव न सापडणे हे तिच्या बाबतीतले मोठे संकट नाही, कारण हानी सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावी एवढीच निकषांची अपेक्षा आहे आणि पुरात वाहून गेलेले जनावर साक्षीदारांच्या जबाबावरून प्रमाणित होऊ शकते. खरी अडचण बिल्ल्याची आहे. १ जून २०२४ पासून राज्यात असा नियम आहे की कानात बिल्ला आणि प्रणालीत नोंद नसलेले जनावर नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात दगावले तर भरपाई देय होत नाही. आपल्याकडची गावठी गुरे भातकापणी झाली की मोकळी सुटतात, दवाखान्यात त्यांचे काम क्वचित पडते, आणि म्हणून संकरित गाय किंवा म्हैस नोंदली जाते पण गावठी गाय राहून जाते. नियम करताना या चराईच्या पद्धतीचा विचार व्हायला हवा होता असे मला मनापासून वाटते, परंतु आज तो नियम आहे. अर्जात गाईचा उल्लेख एका वाक्यात करावा, पंचांचा जबाब घ्यावा आणि तिच्या पैशांवर कोणताही बेत आखू नये.

गोठ्यासाठीही ३,००० रुपयांचा दर आहे, मात्र तो घराला लागून असलेल्या गोठ्यासाठी आहे. तुमचा गोठा घराच्या मागल्या पडवीला जोडलेला असेल तर अर्जात तसे लिहा. परसात सुटा उभा असेल तर त्यावरून हुज्जत घालत बसू नका. भिजून कुजलेल्या पेंढ्यासाठी मात्र या निकषांत घरटी दर नाही.

आता दिरांच्या खात्यातल्या पैशांविषयी. सातबारा जमिनीचा हक्क दाखवतो, जनावरांचा नाही. कार्यालय तो मागते याचे कारण असे की जनावरांची ही मदत दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी ठेवलेली आहे आणि तेवढे पाहण्यासाठी सातबारा व आठ-अ लागतो. मदत ज्या कुटुंबाची जनावरे गेली त्या कुटुंबाची असते. तुमची शिधापत्रिका वेगळी आहे, दोन्ही म्हशींची बिल्ल्याची नोंद बहुधा तुमच्या किंवा तुमच्या पतीच्या नावे असेल, आणि तुमच्याकडून रतीब घेणारी घरे गावातच आहेत. सामायिक सातबाऱ्यावरचे पहिले नाव मुंबईकडे राहणाऱ्या वडीलधाऱ्याचे आणि गुरे सांभाळणारा माणूस गावात, ही कोकणातल्या वाडीवाडीची स्थिती आहे, त्यामुळे घाईत पहिल्या नावाचे पासबुक मागितले गेले यात कोणाचा वाईट हेतू होता असे धरून चालू नये.

दिरांनी पैसे द्यायला नकार दिला आहे असे तुम्ही कोठेही लिहिलेले नाही. तुम्ही अजून विचारलेलेच नाही, असा माझा तर्क आहे. वडीलधाऱ्या दिरांकडे पैशांचा विषय काढणे जड जाते, हे मी समजू शकतो. तरीही तो विषय तुम्हीच काढावा, किंवा पती बंदराला लागतील तेव्हा दोघांनी मिळून काढावा. फोनवर ‘पैसे पाठवा’ असे म्हणण्यापेक्षा मंजुरीच्या यादीची प्रत समोर ठेवून सांगावे की ‘भाऊजी, ही रक्कम या जनावरांची आहे, ती सातबाऱ्यामुळे तुमच्या खात्यात आली. पुढची म्हैस घ्यायला ती लागणार आहे.’ त्यांनी रक्कम तुमच्या खात्यात बँकेतूनच पाठवावी, रोख नको, म्हणजे दोन्ही घरांकडे नोंद राहते. त्यांनी जुलैनंतर गोठ्याच्या दुरुस्तीला किंवा घरखर्चाला काही पाठवले असेल तर ते तुम्ही आपणहून वजा धरावे. नाते टिकवून हा प्रश्न सुटणे शक्य आहे असे मला वाटते.

तहसीलदारांकडच्या अर्जात मात्र ‘पैसे चुकीच्या माणसाला दिले’ अशी तक्रार लिहू नका. कुटुंबांतर्गत वाद दिसला की प्रकरण बाजूला ठेवले जाते, दोन्ही बाजूंना नोटिसा निघतात, आणि म्हशीचे जे ३७,५०० रुपये सरळ मिळू शकतात तेही त्यात अडकतात. अर्जात एवढेच लिहा की उर्वरित रक्कम सोबत जोडलेल्या पासबुकावरील, आधारशी जोडलेल्या, तुमच्या स्वतःच्या खात्यात जमा करावी, आणि शिधापत्रिकेची प्रत व बिल्ल्याची नोंद त्याला आधार म्हणून लावा. सामायिक खातेदार म्हणून दिरांचे आणि पतीचे ना-हरकत पत्र मिळाले तर काम फार सोपे होईल. तुमच्या नावे ही रक्कम यावी असा माझा आग्रह आहे, कारण गोठ्यात रोज राबणाऱ्या बाईचे नाव एकदा सरकारी कागदावर चढले की पुढच्या विम्याला आणि कर्जालाही तेच उपयोगी पडते. दिरांनी पुढेमागे साफ नकार दिलाच तर मला पुन्हा लिहा. तेव्हा वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल आणि तो मार्ग वेगळा आहे.

मिळालेली मदत परत घेतील ही भीती मनातून काढून टाका. खोटी माहिती देऊन घेतलेली मदत वसूल होते. तुम्ही तर खरी माहिती पुरी करून देत आहात. दोन हजार मागणाऱ्या गृहस्थांना मात्र दाराशीच नकार द्या. या कामाला कोर्ट फी तिकिटाचे, झेरॉक्सचे आणि एसटीच्या भाड्याचे पैसे सोडले तर दुसरा खर्च नाही. कार्यालयातल्या कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

या पैशांत म्हैस येत नाही, हे तुमचे म्हणणे खरे आहे. चांगल्या दुधाच्या म्हशीची किंमत आज लाखाच्या घरात जाते. शासन यातून जनावराची किंमत देत नाही, पुन्हा उभे राहण्यासाठी हातभार लावते, आणि तो हातभार तुटपुंजा आहे असे मीही म्हणेन. किंमत भरून देतो तो विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानाखाली जनावरांच्या विम्याच्या हप्त्यात पशुपालकाचा वाटा २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आणला गेला. पुढची म्हैस घ्याल तेव्हा बिल्ला आणि विमा या दोन गोष्टी ती गोठ्यात आल्यावर पहिल्या आठवड्यातच करून घ्या, आणि विमा तुमच्या तालुक्यात सध्या कोणामार्फत उतरवला जातो हे दवाखान्यात विचारा. ८८,८०० रुपये हातात आले आणि शेळ्यांचे पैसे वेगळे काढले नाहीत, तर एका मध्यम म्हशीची बरीचशी किंमत त्यात उभी राहते, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या वहाळाकाठच्या गोठ्यासाठी मला जास्त महत्त्वाची वाटते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात आणि महाड परिसरात रात्रीतून पाणी चढले, तेव्हा दावणीला बांधलेल्या जनावरांना पळण्याची संधीच मिळाली नाही. मोकळे जनावर पोहते, उंचावर चढते. नवा गोठा वहाळापासून वरच्या अंगाला, शक्य तर घराच्या जोत्याच्या पातळीला घ्या. दाव्याला एका झटक्यात सुटणारी गाठ मारा, आणि रात्री मुसळधार पाऊस लागला व वहाळाचा आवाज बदलला की गुरे सोडून द्या. मागचा दरवाजा पावसाळ्यात बाहेरून अडसर घालून बंद करू नका. वादळानंतर मात्र गुरे सोडण्याआधी वाटेत विजेची तार तुटून पडली आहे का ते पाहा. तारेच्या धक्क्याने जनावर गेले तर ते प्रकरण महावितरण आणि विद्युत निरीक्षकांच्या अहवालाकडे जाते, म्हणून शव हलवण्याआधी दोन्हीकडे कळवावे लागते. बिबट्याने मारलेल्या जनावरासाठी वन विभागाकडे जावे लागते, तेथेही शव जागेवर असतानाच पंचनामा व्हावा लागतो.

पहिले काम दवाखान्यातले आहे. शवविच्छेदनाचा अहवाल आणि बिल्ल्याची छापील नोंद मागायला जाल तेव्हा घरात उरलेले एखादे वासरू किंवा शेळी असेल तर त्यांच्या बिल्ल्यांचेही त्याच फेरीत सांगून ठेवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. अहवालात गर्भाची नोंद सापडली की अर्ज दुसऱ्याच दिवशी तहसील कार्यालयात द्या, आणि पोच मिळाल्यावर तिची एक प्रत दिरांनाही पाठवा, म्हणजे पुढे काय चालले आहे ते त्यांनाही कळेल.